कोटावरून ओळखलेला माणूस

आमच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांचं खरं नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदांवर असेल तर असो, बाकी सगळं गाव त्यांना तळटीप म्हणतं. पुस्तकाच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘ही माहिती अमक्याकडून घेतली’ असं लिहिलेलं असतं ना, ती तळटीप. आपण ती वाचत नाही. हे गृहस्थ ती बोलतात.

“आज उकडतंय” एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून कधी सुटं निघालं नाही. “आज उकडतंय, असं सकाळी पेपरवाला म्हणत होता,” असं म्हणतात, आणि मग स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसतात. विनोद सांगायला लागले, की तो आपण कोणाकडून ऐकला, त्याने कोणाकडून ऐकला असावा आणि त्याबद्दल काय मतभेद आहेत, हे आधी सांगतात. विनोद येईपर्यंत ऐकणारे हात धुऊन, पान खाऊन, चार माणसांची चौकशी करून परत आलेले असतात. त्यांच्या घरी चहाची तारीफ करायचीसुद्धा सोय नाही. केलीच, तर ऐकावं लागतं, “चहा हिने केला. साखर शेवटी घालायची कल्पना मात्र हिच्या धाकट्या बहिणीची. मूळ तिच्या सासूबाईंची.”

शाळेत त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला. कोणाचं श्रेय कोणाला द्यायचं यात आमच्या गावात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. पण एक गंमत सांगतो. दुसऱ्याचं श्रेय मोकळ्या हाताने वाटणारा माणूस स्वतःची चूक मात्र मुठीत आवळून धरतो. श्रेय देताना छाती फुगते हो. चूक मान्य करताना ती आत जाते, आणि सरांच्या छातीला आत जायची सवय नव्हती.

तर झालं असं. निवृत्त झाल्यावर सरांनी शाळेचा इतिहास लिहायला घेतला. सगळं मिळालं, फक्त पहिल्या मुख्याध्यापकांचा फोटो मिळेना. तेवढ्यात बाजारातला जुना फोटो स्टुडिओ बंद झाला आणि मालकाने रद्दी बाहेर काढली. रद्दी दिसली की सर तिथे, हे काय सांगायला हवं? त्या ढिगात त्यांना एक फोटो सापडला. खुर्चीत ताठ बसलेला, मिशा वळवलेला एक माणूस. मागे नाव नाही, साल नाही. पण अंगातल्या कोटाच्या खिशावर भरतकाम केलेला दिवा! आणि शाळेच्या जुन्या कागदांत स्पष्ट म्हटलेलं होतं, की मुख्याध्यापकांनी आपल्या कोटावर दिव्याचं चिन्ह मुद्दाम भरून घेतलं होतं, आणि तसा कोट गावात दुसऱ्या कोणाकडे नव्हता.

झालं. सरांनी कोट ओळखला, म्हणजे माणूस ओळखला. चेहरा कोणाचा, हे कोणाला विचारावं असं त्यांना सुचलंच नाही. चेहऱ्याला संदर्भ नव्हता, कोटाला होता.

पुस्तक आलं. पहिल्या पानावर फोटो. सरांनी प्रती वाटल्या, त्यातली एक स्वतः सही करून आपल्या साडूंना दिली. साडू म्हणजे दातांचे डॉक्टर. साखर शेवटी घालणाऱ्या त्या धाकट्या बहिणीचे यजमान. माणूस हुशार, हात हलका, पण स्वतःच्या घराण्याबद्दल बोलायला लागला की पेशंटच्या तोंडात कापूस असतो म्हणूनच ऐकून घेतलं जातं. डॉक्टरांनी पुस्तक घेतलं, “वा!” म्हणाले आणि दवाखान्यात ठेवलं. कुठे ठेवलं, ते पुढे येतंच आहे.

शाळेला तर हुरूपच आला. त्या फोटोवरून अर्धपुतळा करून घेतला आणि आवारात बसवला. उद्घाटनाला सगळा गाव लोटला होता. मी पुढच्याच रांगेत होतो. जिथे काही घडण्याची शक्यता असते तिथे मी मागे बसत नाही. कापड बाजूला झालं, टाळ्या पडल्या, आणि टाळ्यांच्या मधोमध डॉक्टरांचा आवाज आला.

“अहो, हे आमचे आजोबा आहेत!”

टाळ्या थांबल्या.

“कोण?” सर व्यासपीठावरून म्हणाले.

“आजोबा! माझे! हा कान बघा, वरून दुमडलेला. हा माझा बघा.” आणि डॉक्टरांनी सगळ्या गावाला कान दाखवला. कान तंतोतंत तोच. शिल्पकाराचं कौतुक करावं तेवढं थोडं.

“पण हा फोटो पुस्तकाच्या पहिल्याच पानावर आहे,” सर म्हणाले. “मी तुम्हाला प्रत दिली होती. सही करून.”

डॉक्टर पुन्हा कान दाखवायला लागले. दातखीळ बसली म्हणा.

“म्हणजे उघडलंसुद्धा नाहीत?”

“सर, पुस्तकाचा प्रश्न नाही, आजोबांचा—”

“डॉक्टर, खुर्चीचा पाय हलतो म्हणून त्याखाली ठेवलंय ते,” मागून दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मदत केली. भोळ्या बाई. त्यांना वाटलं, पुस्तक शोधताहेत.

माझं स्पष्ट मत आहे, की भांडण आजोबांवरून झालंच नाही. चूक निघाली याचं सरांना दुःख झालंच असतं, पण चार दिवसांत ओसरलं असतं. दिलेलं पुस्तक उघडलंही नाही, साधी पोच नाही, हे लागलं. तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे कोटाचा पुरावा काढला. डॉक्टर म्हणाले, दिव्याची आवड आजोबांनाही होती, त्यांनीही भरून घेतला असेल. सर म्हणाले, संदर्भ द्या. डॉक्टर म्हणाले, माझा कान हाच संदर्भ. सर म्हणाले, कानाची तळटीप होत नाही.

त्या दिवसापासून दोन्ही घरांत अबोला. डॉक्टरांनी जाहीर केलं, “चूक लेखी मान्य करेपर्यंत त्या घरातल्या कोणी माझ्या उंबऱ्याशी येऊ नये.” सरांनी जाहीर केलं, “माफी मागेपर्यंत त्यांनी माझ्या.” पुरुषांचं एक बरं असतं. जाहीर करतात आणि पेपर वाचायला बसतात. मरण झालं दोघी बहिणींचं. त्या भाजीच्या दुकानात भेटायच्या. भोपळा निवडायला त्यांना जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात एखाद्याचं घर बांधून झालं असतं. आणि घरी पाहुण्यांनी चहाची तारीफ केली, की सर अजूनही इमानदारीत सांगायचे, “साखर शेवटी घालायची कल्पना हिच्या धाकट्या बहिणीची.” एकदा वहिनी, म्हणजे सरांच्या मिसेस, माझ्यासमोरच म्हणाल्या, “चहात तिचं नाव चालतं. दारात ती चालत नाही.” सरांनी कप खाली ठेवला. संदर्भ सापडला नसावा.

अशी बरीच वर्षं गेली. मग धाकटीच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तसं मोठं काही नाही, पण नंतर थोडे दिवस वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, वेळच्या वेळी थेंब घालायचे. दातांच्या डॉक्टरांना दुसऱ्याच्या तोंडात हात घालता येतो, बायकोच्या डोळ्यात थेंब घालताना मात्र ते स्वतःचेच डोळे मिटून घेतात. धाकटीला ताई हवी होती.

“मग जा की,” मी वहिनींना म्हणालो.

“कशी जाऊ? मागच्या दाराने? चोरासारखी?” वहिनी म्हणाल्या. “माझ्या बहिणीचं घर आहे ते. जाईन तर पुढच्या दाराने जाईन, आणि यांनी मला सोडायला यायचं.”

योग असा, की तेव्हाच पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघत होती. एक वाक्य घातलं की काम होणार होतं. सरांनी मला मसुदा वाचून दाखवायला बोलावलं. वहिनी कपडे घड्या करत बसल्या होत्या.

“ऐका,” सर म्हणाले. “‘प्रस्तुत छायाचित्राबाबत काही वाचकांनी भिन्न मत नोंदवले आहे.’”

“काही वाचक कोण?” वहिनींनी विचारलं. “त्यांनी तर वाचलंच नाही.”

“बरं. ‘छायाचित्रातील व्यक्तीची ओळख हा संशोधनाचा विषय राहील.’”

“आणि माझी बहीण तोवर आंधळी राहील.”

“‘लेखनात अनवधानाने काही त्रुटी राहिल्या असल्यास—’”

“असल्यास?” वहिनींनी उशीचा अभ्रा एवढ्या जोरात झटकला, की माझा चष्मा हलला. “भर आवारात बसलाय तो पुतळा. दुमडलेल्या कानाचा!”

“अगं, पण कोट!” सर कळवळून म्हणाले. “कोट खोटा नाही ना! मी काय आंधळेपणाने लिहिलं का? कोट मुख्याध्यापकांचाच आहे!”

“हो,” वहिनी म्हणाल्या. “त्यांचाच आहे.”

सर आ वासून बघत राहिले. मीही. पण मी वाकून.

मग वहिनींनी सांगितलं. डॉक्टरांच्या आजोबांची लाँड्री होती. डॉक्टर त्याला ‘वस्त्रव्यवसाय’ म्हणतात. गावातल्या मोठ्या माणसांचे कपडे तिथे यायचे, आणि आजोबा हौशी. सुट्टीच्या दिवशी गिऱ्हाइकाचा चांगला कोट चढवायचे, बाजारातून एक फेरी मारायचे, सोमवारी इस्त्री करून परत. मुख्याध्यापकांचा दिव्याचा कोट घालून तर ते फोटोच काढून आले. धाकटीला हे तिच्या सासूबाईंनी हसत हसत सांगितलं होतं. डॉक्टरांना लहानपणापासून ठाऊक. त्या दिवशी भर आवारात ‘त्यांनीही भरून घेतला असेल’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना!

सर ताडकन उठले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिला नव्हता. “म्हणजे मी बरोबर होतो! अर्धा! लिहितो. ‘कोट अस्सल, धारक अन्य, माहिती माझ्या मेहुणीकडून—’”

“खबरदार,” वहिनी म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्याचीच भीती वाटली. “तिने ते बहिणीला सांगितलंय, इतिहासाला नाही. छापलंत तर तिच्या नवऱ्याला कळेल कोणी सांगितलं ते. डोळ्यावर पट्टी बांधून बसलेल्या बाईला ऐकवेल तो.”

“नाव घालत नाही मग. नुसतं लिहितो.”

“संदर्भाशिवाय?” वहिनी म्हणाल्या. “तुम्ही?”

सर खाली बसले. आता बघा मजा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हाती असा पुरावा आला होता, की ज्याने समोरचा आडवा झाला असता; आणि तो कुठून आला, हे सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर मेहुणी बुडते. न सांगता छापलं तर तळटीप बुडतो. उरली फक्त चूक. उघडी, बिनकोटाची.

मी तिथून निघालो. गंमत बघायला मला आवडतं, पण माणूस आपल्याच अंगातून कोट उतरवत असताना बघू नये.

दुसरी आवृत्ती आली. फोटोखाली चार ओळी होत्या. बारीक अक्षरांत नाही, मोठ्या. ‘हे छायाचित्र पहिल्या मुख्याध्यापकांचे नाही. ते त्यांचे म्हणून छापले, ही माझी चूक. ती माझ्या साडूंनी दाखवली. मी ती इतकी वर्षे मान्य केली नाही.’ बस. कोटाबद्दल एक अक्षर नाही.

शाळेच्या समितीने लगेच बैठक घेतली आणि पुतळा हलवायचा नाही असं ठरवलं. इतक्या मुलांनी त्यापासून प्रेरणा घेतली, ती आता परत कशी मागायची? खालच्या पाटीवर नाव मुख्याध्यापकांचं, वर कान लाँड्रीचा. आहे ते आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी सर वहिनींची बॅग घेऊन निघाले. मी योगायोगाने त्याच रस्त्याने चाललो होतो. त्या रस्त्याने माझं दुसरं काही काम नसतं, हे निराळं. डॉक्टरांनी पुढचं दार उघडलं. हातात नवी आवृत्ती. या वेळी उघडलेली.

“या ताई,” डॉक्टर म्हणाले. मग सरांकडे वळले. चेहरा जिंकलेल्या माणसाचा, पण डोळे काहीतरी चाचपडत होते. “वाचलं मी. पण सर, कोटाबद्दल काहीच लिहिलं नाहीत? त्या दिवशी तर तुमचा सगळा भर कोटावर होता.”

वहिनी उंबऱ्यावर थबकल्या. आतून धाकटीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

सर म्हणाले, “कोटाबद्दल मला काही माहिती नाही.”

सरांच्या तोंडून असं वाक्य! ना कोणी सांगितलं, ना कुठे वाचलं. वर चक्क खोटं. डॉक्टर दातांचे असले तरी मूर्ख नाहीत. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, मग मान वळवून आत बायकोकडे पाहिलं. त्यांचा तो दुमडलेला कान हळूहळू लाल झाला. कबुली यायला हवी होती ती दाढेसारखी अडकली. मुळापाशी सैल, पण बाहेर येईना.

“बसा,” ते शेवटी म्हणाले. आणि मग, कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाच्या आवाजात, “आजोबा… जरा हौशी होते.”

“असतात माणसं,” सर म्हणाले आणि बॅग आत ठेवली.

एवढ्यात धाकटी बाहेर आली आणि दोघी बहिणी भर दारात एकमेकींना अशा बिलगल्या, की साडूंना आत जायला वाट उरली नाही. दोघे पायरीवरच उभे राहिले, एकमेकांकडे न बघता. मग चहा आला. सरांनी घोट घेतला, तोंड उघडलं, साखरेचं श्रेय कोणाचं ते सांगणार, तेवढ्यात त्यांना दिसलं, की ती समोरच उभी आहे.

“छान झालाय,” ते तिलाच म्हणाले.

आता कोटाची ही गोष्ट मी लिहून काढलीय म्हटल्यावर लोक विचारतात, डॉक्टरांना राग नाही का येणार? येईल. पण त्यासाठी त्यांना हे वाचावं लागेल, आणि त्यांच्या खुर्चीचा पाय अजून हलतो.