खोडलेल्या पाता

जिंतूर तालुक्यातल्या शाळेत मी बावीस वर्षं गणित शिकवलं. काळ-कामाच्या गणितांत माझा हात धरणारं कुणी नाही, असं मी स्वतःच मानून चाललो होतो.

त्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, बारा बाया एक शेत दहा दिवसांत खुरपतात. चार दिवसांनी चौघी आल्या नाहीत, तर उरलेल्या कामाला किती दिवस? मी सूत्राचा पहिला आकडा लिहितोय तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "नऊ."

सातवीतली मुलगी. आई रोजानं खुरपायला जायची, सुट्टीच्या दिवशी हीही. म्हटलं, कसं काय?

"सर, खुरपताना एकीच्या वाट्याला रानाची एक पट्टी येती ना, पात. एक बाई दिवसाला एक पात काढती असं धरलं. म्हंजी समदं शेत एकशेवीस पातांचं. चार दिवसांत अठ्ठेचाळीस झाल्या, बहात्तर ऱ्हायल्या. आता आठजणी हायत, नऊ दिवस लागतेत."

मुलं तिच्याकडे वळून बसली. मीही 'शाब्बास' म्हणालो, पण पोटात दुखायला लागलं होतं. मजूर गुणिले दिवस का करायचं, हे बावीस वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते तिच्याकडे होतं. पुढे मधल्या सुट्टीत मुलं वह्या घेऊन तिच्या बाकाशी जाऊ लागली. पूर्वी माझ्या टेबलाशी यायची. मी त्या पोरीवर जळत होतो, यापेक्षा सभ्य शब्द मला सापडत नाही.

तालुक्याच्या गणित स्पर्धेला दोन मुलं पाठवायची होती. निवड चाचणीत तिची सगळी उत्तरं बरोबर आली. सूत्र मात्र कुठंच नव्हतं, नुसत्या पाता काढलेल्या, एक रेघ म्हणजे एक पात. मी लाल पेनानं 'पद्धत नाही' लिहून सहा गुण कापले. ती एका गुणानं तिसरी आली.

पेपर घेऊन ती टेबलापाशी आली. रडली नाही. "सर, माझं चुकलं कुठं?"

"परीक्षेत पाता चालत नाहीत," मी म्हणालो. "सूत्र लिहायचं." तिनं मान डोलावली.

पुढच्या घटक चाचणीत मी तसंच गणित घातलं. दहा बाया, नऊ दिवस, तीन दिवसांनी चौघी गेल्या. तिनं सूत्र सुंदर अक्षरात मांडलं होतं. दहा गुणिले नऊ भागिले सहा, उत्तर पंधरा. झालेलं काम वजा करायचंच राहिलं होतं. चूक दिसली आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, चांगलंच बरं वाटलं.

मग समासात काहीतरी पुसट दिसलं. कागद खिडकीशी धरला. पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या, सहा-सहाच्या दहा ओळी, नीट मोजलेल्या. दहा दिवस. बरोबर उत्तर काढून तिनं ते खोडरबरानं पुसून टाकलं होतं.

पेपर वाटताना तिनं गुणांकडे पाहिलंही नाही. सूत्रावर बोट ठेवून विचारलं, "सर, आता तुमच्यावाणी आलं ना?"

मी हो म्हणालो.