तांबूचा खांब

थांबा, बाकीचं नंतर वाचा, आधी हे!! आत्ताच नेऱ्याहून आलेय, हातपाय पण धुतले नाहीत. हे आत्ता लिहिलं नाही तर उद्या मलाच खोटं वाटेल. आणि पहिलंच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही... म्हणजे नव्हता.

मी आणि माझा मामेभाऊ सुमित, पनवेलला आमचं छोटं वर्कशॉप आहे. जुनी घरं, गोठे पाडतात ना, तिथलं लाकूड आणायचं, खिळे उपटायचे, रंधा मारायचा आणि टेबलं-बाकं बनवायची. मागच्या आठवड्यात नेरे गावच्या मालती काकूंचा गोठा उतरवला. त्यांच्या मुलाला तिथे पत्र्याची शेड हवी होती. ऐनाच्या लाकडाचे खांब, एकदम कडक माल! त्यातला एक तर मधोमध असा गुळगुळीत, आरसाच. काकूंची गाय तांबू वर्षानुवर्षं त्यालाच मान घासायची. एका कॅफेवाल्याने फोटो बघून लगेच बुक केला.

तो आम्ही वर्कशॉपमध्ये भिंतीला टेकवून उभा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खिळे चाचपायला हात फिरवला तर... गरम! सगळा नाही हां. माझ्या खांद्याच्या उंचीला, त्या गुळगुळीत भागावरच, वीतभर पट्टा. तापल्यासारखा नाही — बसलेल्या जनावराच्या अंगावर हात ठेवला की लागतं ना, तसा. शेजारचे खांब गारच.

"उन्हाने असेल," सुमित म्हणाला.

"ऊन कुठेय? पत्र्यावर पण आलं नाहीये अजून."

"मग तुला ताप असेल."

मी त्याचा हात धरून तिथे टेकवला. त्याने शेजारचा खांब चाचपला, परत याला हात लावला. खांब दुसऱ्या कोपऱ्यात नेला, आडवा टाकून बघितला, परत उभा केला. पट्टा तिथल्या तिथे. पण भीती नाही वाटली... उलट हात काढवत नव्हता.

आणि आज सकाळी काकूंचा फोन.

"पोरी, तांबू चाऱ्याला तोंड लावत नाय गो. डाक्टर येऊन गेला, त्याला काय सापडत नाय. नुसती बसून हाय, उठतच नाय. म्हातारं जनावर, असं किती दिस काढंल? तो गुळगुळीत खांब कापलास काय?"

"नाही काकू. पण तो... गरम लागतोय."

मला वाटलं हसतील. त्यांनी विचारलं, "कुठं लागतं?"

"माझ्या खांद्यापाशी."

"मंग उलटा उभा केलाय तुमी! बुंधा खाली, शेंडा वर पायजे. एवढं नाय कळत? कसले गो सुतार तुमी!"

बघितलं तर खरंच, जाड टोक वर! रोज लाकडात हात घालणारे आम्ही... गाय काय माझ्या खांद्याएवढ्या उंचीला मान घासणार होती? सुलटा केला. ऊब आली कमरेच्या जरा वर. बरोब्बर गाईच्या मानेला.

कॅफेवाल्याला सॉरी म्हटलं, खांब टेम्पोत टाकला. मी मागे खांबाशेजारी बसले, हात पट्ट्यावर ठेवून. नेरे जवळ आलं आणि हाताखालची ऊब गेली. हळूहळू नाही, एकदमच. मी ओरडले, "सुमित, जोरात घे!" मला वाटलं, संपलं. तांबू गेली.

पोचलो तर काकू वाटेवरच उभ्या. "आत्ता उठली गो! आपली आपण! न् रस्त्याकडं तोंड करून उभी हाय."

शेडमध्ये सुमितने खड्डा खणला, बुंधा खाली घालून खांब उभा केला. माती दाबून पण झाली नव्हती, तेवढ्यात तांबूने मान टेकली. काकू ओरडतायत, "अगो, पडंल तो तुज्यावर! जरा दम खा!" पण ती कसली ऐकते... डोळे मिटून घासतच राहिली. मग काकूंनी गवताची पेंडी पुढे धरली. तांबूने वास घेतला आणि तोंडात घेतली. काकू पदराने डोळे पुसत तिलाच शिव्या घालत होत्या.

गाय जागा बदलली म्हणून रुसली, ओळखीचा खांब बघून खायला लागली, इथपर्यंत ठीक. पण ती ऊब? आणि आम्ही पोचायच्या आधीच ती उठली कशी? सुमितला विचारलं तर म्हणतो, "मला नको विचारू."

तुमच्या हाताला असं कधी काही लागलंय का... जुन्या दाराला, पलंगाला, कशालाही? लागलं असेल तर खाली लिहा ना, प्लीज.