सीट चार बोटं वर

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, अजून सायकल चालवतेस?" चालवते. पण मधे ती विकायची वेळ आली होती.

पालीला माझी धाकटी बहीण राहते. बीडहून सकाळी सायकलवर तिच्याकडे जायचं, चहा घ्यायचा, ऊन तापायच्या आत परतायचं, हा माझा ठरलेला क्रम. गेल्या उन्हाळ्यात गुडघे इतके दुखू लागले की आजोबा म्हणाले, "बास झालं आता. मी स्कूटरवर सोडत जाईन." म्हणजे त्यांना वेळ असेल तेव्हा. ते मला मान्य नव्हतं.

आधी तुमच्या बाबांनी पाठवलेली गुबगुबीत, रुंद सीट लावली. बसायला सोफा, पण पायडल मारताना मांड्या घासायच्या. ती काढून जुनी अरुंदच परत बसवली. मग पायांकडे लक्ष दिलं. पायडल पार खाली गेलं तरी गुडघा दुमडलेलाच राहत होता. सीट फारच खाली होती.

खरं तर सायकल घेतली तेव्हा मी ती वर करून घेतली होती. पण आपल्याकडे बाईची सायकल म्हटली की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. पंक्चर काढताना दुकानदार न सांगता ती खाली करून ठेवायचा. मी जाब विचारला.

"अम्मा, पडताल ना! सायबांनीच सांगितलंय."

साहेब म्हणजे तुमचे आजोबा!

मी पाना घरी आणला. टाच पायडलवर ठेवून पाय सरळ होईपर्यंत सीट वर घेतली. चांगली चार बोटं. तिचं टोक आकाशाकडे होतं, तेही सपाट केलं. थांबताना सीटवरून पुढे सरकून उभं राहायचं, हे अंगणात भिंतीशेजारी पक्कं करून घेतलं.

रविवारी निघाले. आजोबा स्कूटरवर मागे. पालीच्या अलीकडे शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला, पुढे सरकले, दोन्ही पाय जमिनीवर.

"अगं, पडली असतीस!"

"पडले का?"

"नाही."

"मग गुडघ्याचं विचारा."

"दुखतोय?"

"अजिबात नाही."

बहिणीच्या दारात त्यांनी स्कूटर बंदच केली नाही. ती म्हणाली, "भाऊजी, चहा?"

"नको. हिला येऊ दे सावकाश," म्हणाले, आणि एकटेच परत गेले.