राक्षस मोजणाऱ्या काकू

“हिला अजून तरी दोनच राक्षस झेपतील,” काकू बाबांना सांगत होत्या. मी कपाटामागे होते, पण ऐकू न येण्याइतकी लांब नव्हते. अकराव्या वर्षी याहून मोठा अपमान मला माहीत नव्हता.

औरंगपुऱ्यात एका भांड्यांच्या दुकानावर काकूंचं मुलांचं वाचनालय होतं. अरुंद जिना, एक खोली, चार कपाटं आणि एक सतरंजी. काकू मूळच्या कन्नड गावच्या. साहसाच्या आणि जादूच्या गोष्टींखेरीज त्या दुसरं काही ठेवतच नसत. “शहाणपणाची पुस्तकं शाळा देतीच की,” म्हणायच्या. “इथं पोरांनी भ्यायला यायचं.”

नवं पुस्तक आलं की आधी त्या स्वतः वाचत, मग त्याला खाकी कव्हर घालत. चित्र झाकलेलं, नावही झाकलेलं. कुणी कुरकुरलं तर म्हणत, “चित्र बघून घ्यायला काय साडी घेतोस व्हय?” कव्हरवर फक्त लाल ठिपके असत. एक ठिपका म्हणजे एक राक्षस. राक्षसाला शिंगं हवीतच असं नव्हतं. बुडणारी होडीही चालायची, दगा देणारा मित्रही. मूल समोर आलं की त्या चष्मा वर करून त्याच्याकडे नीट बघत आणि त्याला किती झेपतील ते ठरवत. कराटेचा पट्टा बांधून आलेल्या एका दांडगोबाला त्यांनी एकच दिला. सेफ्टी पिन लावलेल्या फ्रॉकातल्या रुबिनाला थेट चार.

मला दोन. बाबांनी त्या दिवशी माझ्यासाठी मोठं पुस्तक मागितलं, त्यावरचं उत्तर तुम्ही वर वाचलंच. मी इंग्रजी शाळेतली. मराठी ओळीखाली बोट ठेवून वाचायचे. “इंग्लिशवाल्यांचा पहिला राक्षस म्हंजी जोडाक्षर,” असं काकू म्हणत, आणि ते खरं होतं. पण दिवाळीपर्यंत जोडाक्षरं मला वश झाली, तरी ठिपके वाढेनात. कारण वेगळंच होतं.

पुस्तक परत करताना ते सतरंजीवरच्या मुलांना सांगावं लागे. “अडकेपर्यंत सांगायचं, सुटका सांगायची नाय,” हा काकूंचा कायदा. सुटका सांगणाऱ्याला आठवडाभर पुस्तक बंद. रुबिना अशी सांगायची की पुढच्या पुस्तकासाठी मुलं भांडत. माझी पाळी आली की सगळ्यांसमोर बोलायची भीती वाटायची. मी पुस्तक टेबलावर ठेवून बाजूला व्हायचे. काकू कधी रागावल्या नाहीत. पण सांगितल्याशिवाय तिसरा ठिपका नाही.

पाच ठिपक्यांचं पुस्तक एकच होतं, मागच्या कपाटात, सगळ्यात खाली. दर रविवारी बाबा भाजी घेऊन येईपर्यंत मला वीस मिनिटं मिळायची. त्या वीस मिनिटांत मी ते चोरून, उभ्याने वाचू लागले. एक मुलगी कंदील घेऊन डोंगराखालच्या भुयारात शिरते आणि तिच्यामागे काहीतरी चालू लागतं. ती थांबली की तेही थांबतं. माझ्या छातीत असं धडधडायचं की काकूंना ऐकू जाईल असं वाटे. शाळेत गणिताच्या तासालाही मी त्या भुयारातच असायचे. तिसऱ्या रविवारी कपाटामागे एक स्टूल होतं. कुणीतरी विसरलं असेल, असं समजून मी त्यावर बसले. पाचव्या रविवारी पुस्तक संपलं आणि घरी परतताना स्कूटरवर मी बाबांना इतकी घट्ट धरून बसले की त्यांनी विचारलं, “काय झालं गं?” मी म्हटलं, “काही नाही.”

पुढच्या उन्हाळ्यात वाचनालय बंद झालं. काकूंची नजर गेली होती. कन्नडला मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. शेवटच्या रविवारी सतरंजीवर जागा उरली नव्हती, म्हणून मी मागच्या कपाटाआड उभी राहिले. काकूंनी ते पाच ठिपक्यांचं पुस्तक मांडीवर घेतलं आणि न उघडताच सांगायला लागल्या. भुयार, कंदील, मागची पावलं. “तेल संपत आलंय. म्होरं भिंत. मागं त्याचा श्वास पार मानेवर...”

त्या थांबल्या. सुटका सांगायची नाही, हा त्यांचाच कायदा.

“आता मलाबी म्हाईत नाय,” त्या म्हणाल्या. “इथवर आले अन् डोळ्यानं दगा दिला. निम्म्यातच पाच राक्षस झाले, म्हणून ठिपके देऊन टाकले. ती पोरगी तिथंच उभी हाय बघा. रात्री झोपताना आठवती.”

“काकू, तुमको बी नई मालूम?” रुबिना ओरडली.

“नाय गं. कुणी वाचलंच नाय ना ते.” बोलताना त्यांचं तोंड कपाटाकडे होतं. म्हणजे माझ्याकडे.

चोरी उघडी पडणार होती, कायदा मोडणार होता, आणि खोलीभर मुलं माझ्याकडे बघणार होती. पण त्या मुलीला तिथं तशीच सोडून काकूंना कन्नडच्या गाडीत बसू देणं मला जमेना. मी कपाटामागून पुढे आले.

“काकू, तिनं कंदील स्वतःच विझवला,” मी म्हणाले. “त्याला उजेडाशिवाय दिसतच नव्हतं.”