एकाच आडनावाचं माहेर आणि सासर

नातवंडांनो, तुमच्यातल्या थोरलीचे दिवस भरत आले आहेत. डॉक्टरांनी तिला घराण्याची, नात्यात झालेल्या लग्नांची माहिती विचारली, आणि तुम्ही इंटरनेटवरून आपल्या इंग्रजी आडनावाचा इतिहास शोधून मला पाठवलात. तो वाचताना जुनी भीती पुन्हा जागी झाली, म्हणून आताच लिहिते.

तुम्ही पाठवलंत ते खरं असेल. इंग्लंडच्या उत्तरेला नदीच्या उताराशी राहणाऱ्यांना ते नाव पडलं, पुढे ती माणसं गिरण्यांच्या शहरात गेली. पण त्यांच्यातलं कुणी नंदुरबारला आलं नाही. आलं ते नुसतं नाव. दुष्काळात डोंगरातून खाली आणलेल्या पोरक्या मुलांचा खर्च त्या घराण्यानं उचलला, आणि मिशननं मुलांना तेच आडनाव लावलं. त्या मुलांत माझे आजोबा तोरणमाळकडचे, तुमच्या आजोबांचे आजोबा अक्कलकुव्याकडचे. त्यांची कुळं कुणी विचारलीच नाहीत.

ख्रिस्ती झाल्यावरही आमच्यात एका कुळात सोयरीक होत नसे. मी शिकलेली, नाव उसनं आहे, रक्ताचं नाही, हे सगळ्यांना समजावून लग्न केलं. तुमचे आजोबा तर म्हणाले, नावावरून नातं लागत असेल, तर मग विलायतेतले सगळे साहेब आपले काका.

मला दिवस गेले तेव्हा त्यांच्या आत्याबाईंनी विचारलं, "नाव खोटं, मानलं. मंग तुन्हं खरं कुळ कोनतं?"

माझ्या मनात आलं, दोघांचं कुळ एकच निघालं तर? त्या दिवसापासून पोटातलं मूल हललं की मी घाबरे, नाही हललं तरी घाबरे. प्रार्थनेतही मन लागेना.

एकदा आत्याबाईंनी चुलीसाठी जांभळाची फांदी पुढे केली. मी ती बाजूला ठेवून दुसरी घेतली. का, म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, माहेरी जांभूळ जाळत नाहीत; आजोबा जाळू देत नसत, कारण ठाऊक नाही.

आत्याबाईंनी ती फांदी पुन्हा उचलून पाहिली. डोंगरात ज्या कुळाचं जे झाड, ते त्या कुळाची माणसं जाळत नाहीत, एवढं त्यांनी वडिलांकडून ऐकलं होतं.

"आम्हना घरमा तं रोज जळस," त्या म्हणाल्या. "मंग तू परकी शे, पोरी."

परकी, म्हणजे दुसऱ्या कुळाची; मी सुटकेनं रडले. तुमचे बाबा धडधाकट जन्मले, तरी त्यांना ताप आला की मी एका फांदीवर किती विश्वास टाकला, याची धास्ती वाटे. अजून वाटते.

माझ्या आजोबांचं कुळ आजही मला माहीत नाही. आडनाव आहे, आणि माझ्या हातून जांभूळ कधी जळलेलं नाही. डॉक्टरांना सांगण्याजोगं एवढंच शिल्लक आहे.