टाचा वर, बाबा बाहेर

माझी मुलगी बॅले शिकते, हे आमच्या भोईवाड्यातल्या बिल्डिंगमध्ये कोणाला पटत नाही. खरं तर अधूनमधून मलाही पटत नाही. पण शिकते, शिवाजी पार्कजवळच्या एका क्लासात, अगदी लहान असल्यापासून. यंदा क्लासच्या बाईंनी सांगितलं की मोठ्या मुलींना आता पॉइंट शूज द्यायचे. म्हणजे पुढे कडक ठोकळा असलेले ते सॅटिनचे बूट. ते घालून थेट बोटांच्या टोकांवर उभं राहायचं. पोरगी त्या बुटांसाठी जीव टाकत होती. पण आधी एक फिजिओथेरपिस्ट येऊन प्रत्येकीचे पाय तपासणार होती.

मी बाईंना फोनवर म्हटलं, "त्यात तपासायचं काय? ती एका पायावर तयार आहे."

"तेच बघायचंय," बाई म्हणाल्या. "एका पायावर."

परीक्षा म्हटली की माझ्या अंगात येतं. शाळाप्रवेशाच्या मुलाखतीत हिला रंग विचारले होते, तेव्हा सगळी उत्तरं मीच देऊन मोकळा झालो होतो. आताही मोबाइलवर या तपासणीचे व्हिडिओ शोधले आणि जुने पेपर सोडवून घ्यावेत तसा सराव सुरू केला. एका पायावर उभं राहायचं, टाच उचलायची, टेकवायची, पुन्हा उचलायची. जिन्यात, दात घासताना, कुकरची शिट्टी होईपर्यंत. एकदा "अगं, गुडघा सरळ, हा बघ असा," म्हणत करून दाखवायला गेलो, तर पोटरीत असा गोळा आला की फ्रिजला मिठी मारून उभा राहिलो.

बायको पोळी लाटता लाटता म्हणाली, "आधी तुझी तपासणी करून घे रे."

तपासणीला मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. का, ते विचारू नका. फिजिओथेरपिस्ट तरुण होती. तिने मुलीला चटईवर बसवून पाऊल ताणायला लावलं आणि घोट्यावर पेन्सिल आडवी ठेवून बाक पाहिला.

"छान!"

"थँक्यू," मी म्हणालो.

मग एका पायावर टाच उचलणं. गुडघा सरळ, कंबर जागच्या जागी. मी मनातल्या मनात मोजत होतो, फक्त ते सगळ्यांना ऐकू जात होतं.

"दुखतं का कुठे?"

"छे, अजिबात नाही!" मी.

"तुमचं नाही विचारलं, काका."

काका! मी पोट आत घेतलं.

मुलीने भिंतीवर टांगलेल्या मोठ्या मुलींच्या बुटांकडे पाहिलं, मग खाली. "मागे दुखतं. टाचेच्या वर."

"कधीपासून?"

"बाबा प्रॅक्टिस घ्यायला लागला तेव्हापासून."

फिजिओथेरपिस्टने तिथे दाबून पाहिलं तशी पोरगी कळवळली. "ताकद आहे, तोलही आहे. पण ही शीर दुखावलीय. आत्ता बूट नाहीत. पूर्ण बरं वाटलं की पुन्हा बघू."

"मॅडम, काठावर पास नाही का करता येणार?"

"त्या बुटांत काठावरच उभं राहायचं असतं. म्हणून तर नाही."

मुलगी तिथे रडली नाही. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसल्यावर रडली.

"मी 'नाही दुखत' म्हटलं असतं तर मिळाले असते ना रे बूट?"

"बहुतेक."

"मग मी कशाला सांगितलं?"

बालवाडीपासून तिची सगळी उत्तरं देणारा मी नेमका तेव्हा रसवाल्याची गाडी शोधायला लागलो. शेवटी म्हणालो, "उसाचा रस पितेस?"

"विषय बदलू नकोस." तिने बाहीला नाक पुसलं. "उड्या मारताना आणखी दुखलं असतं, म्हणून सांगितलं. आणि पुढच्या वेळी तू बाहेर बसायचं."

"बाहेर म्हणजे दाराबाहेर ना?"

"बाहेर म्हणजे घरी."