तीन सेकंदांचा उंचवटा

माझी बायको सूर्यावरून सुटणाऱ्या वाऱ्यावर काम करते. हे चारचौघांत सांगितलं की लोक माझ्याकडे दयेनं बघतात. मी वॉशिंग मशिन दुरुस्त करतो म्हटलं की तेच लोक लगेच माझा नंबर मागतात.

तिचं काम सांगायला सोपं आहे. तो वारा म्हणजे वीजभारित तापलेला वायू, आणि तो वाटभर नुसता घुसळून निघत असतो. एक यान त्यातून फिरत मोजमापं पाठवतं. ही बाई तीच घुसळण कॉम्प्युटरवर गणितानं तयार करते आणि कागदावर दोन रेघा काढते, एक यानाची, एक गणिताची. एकीवर दुसरी बसली की स्वारी खूश. माझी मेहुणी तिला जुळवणीबाई म्हणते. अकरा वर्षं हेच चाललंय, आणि अकरा वर्षं नोकरी दर वर्षीच्या मुदतवाढीवर.

यानाच्या रेघेवर तीन सेकंदांच्या जागी, म्हणजे दर तीन सेकंदांनी परत येणाऱ्या हेलकाव्याच्या जागी, एक उंचवटा होता. हिच्या गणितात तो काही केल्या येईना. तिचे साहेब म्हणाले, यान कशाला खोटं बोलेल, तुमचं गणितच चुकतंय. मग आठ महिने ही गणिताचे कान पिळत बसली. घरात मीठ विसरायची, मला विसरायची. शेवटी उंचवटा आला एकदाचा. साहेबांनी केक कापला. गुरुवारी निवड समितीपुढे तो दाखवायचा आणि हिला कायम करायचं, असं ठरलं.

रविवारी सकाळी तिनं तो आलेख जेवणाच्या टेबलावर पसरला. मी चहा पीत होतो. गप्प बसावं की नाही? पण उचलली जीभ लावली टाळ्याला.

"हे यान स्वतःभोवती फिरतं का गं?"

"फिरतं. तीन सेकंदांत एक फेरी."

मला हसू आलं. आमच्या धंद्यात ड्रमच्या प्रत्येक फेरीला येणारा आवाज ड्रमचाच असतो. ती भडकली. म्हणाली, यानाच्या फिरण्याचा भाग आम्ही आधीच वजा करतो, सगळे मूर्ख आहोत का आम्ही? मी विचारलं, कुठला वेग धरून? तर म्हणे, यान पाठवलं तेव्हाचा.

"मशिनच्या पाटीवर लिहिलेला वेग आणि ओले कपडे भरल्यावरचा वेग कधी एक असतो का?"

तिनं हातातला चमचा खाली ठेवला. इतक्या वर्षांत यानातलं इंधन जळत गेलं होतं, वजन बदललं होतं, फिरणं केसभर बदललं होतं. कुणी पाहिलंच नव्हतं. जेवायच्या वेळेपर्यंत तिनं आजचा वेग धरून वजाबाकी पुन्हा केली. उंचवटा गायब.

मी तिला शहाणपणा शिकवला, म्हटलं, गुरुवारपर्यंत तोंड उघडू नकोस, एकदा कायम हो, मग सांग काय ते. तिनं आलेख गुंडाळला आणि आत निघून गेली.

गुरुवारी तिनं उभं राहून सगळं सांगितलं. साहेबांचा चेहरा पडला. समितीनं तिच्या प्रामाणिकपणाचं तोंड भरून कौतुक केलं आणि कायम करायचा विषय वर्षभर पुढे ढकलला. बारावी मुदतवाढ. मी घरात येरझाऱ्या घालत समितीला शिव्या दिल्या, साहेबाला दिल्या, त्या यानाला दिल्या. माझ्या जिभेला तर सगळ्यात जास्त.

ती खुर्चीत बसून चपलांचे पट्टे सोडत होती.

"आठ महिन्यांपूर्वीची रेघ काढून बघितली मी," ती म्हणाली. "कान पिळायच्या आधीची."

"मग?"

"यानाच्या नव्या रेघेवर तंतोतंत बसली."

आणि ती रडायला लागली. मला वाटलं, नोकरीसाठी. म्हटलं, जाऊ दे गं, पुढच्या वर्षी होईल. तिनं मान हलवली.

"नोकरीचं नाही रे. साहेब म्हणाले चुकलंय, आणि मी एकदाही भांडले नाही."

माझ्याशी रोज भांडते.